आतलं टोक

विहिरीवरची जळलेली मोटार आणि गिटारचा मुका झालेला पिकअप, दोन्हींवर एकच इलाज करायची सवय आपल्या नगर जिल्ह्यात मुरलेली आहे. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या पट्ट्यात विहिरींवरच्या मोटारी इतक्या जळतात की बाजाराच्या गावात मोटार भरून देणारं दुकान असतंच, आणि आम्हा पिकअप दुरुस्त करणाऱ्यांतल्या बहुतेकांचा हात अशाच दुकानात तयार होतो. मोटारीपुरता तो इलाज बरोबर आहे. व्होल्टेज पडलं, करंट चढला, वार्निश करपलं, की त्या तांब्यात वाचवण्यासारखं काही उरत नाही. फेरे मोजायचे, गेज बघायचा, जोडणी लिहून ठेवायची, जुनं तांबं किलोवर घालायचं आणि नवं भरायचं. पण लॅप स्टील, म्हणजे हवाईयन, गिटारच्या पिकअपमध्ये जळण्याइतका करंट येतच नाही. तार छेडल्यावर त्या कॉइलमध्ये उठतात ते मिलिव्होल्ट. साठ-सत्तर वर्षांचा पिकअप बंद पडतो तेव्हा तो जळलेला नसतो, तुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. बाकीचे हजारो वेढे धडधाकट असतात. ते ब्लेडनं कापून काढायचे आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, हे मला पटत नाही. आधी जुनी कॉइल वाचवायची, आणि ती खरोखरच वाचत नसेल तेव्हाच नवी भरायची, असं माझं म्हणणं आहे.

बाहेरचं टोक तुटलं असेल तर प्रश्नच नाही. अडतं ते आतलं. वाइंडिंग जिथून सुरू झालं ते टोक गाभ्याला चिकटून, सगळ्या थरांच्या खाली गाडलेलं असतं आणि फायबरच्या पट्टीतल्या एखाद्या फटीतून बाहेर येऊन आयलेटला झाळलेलं असतं. तुटायचं ते नेमकं त्या फटीच्या तोंडाशी. कधी झाळताना नवसागर वापरलेला असतो, त्याचं आम्ल वर्षानुवर्षं तांबं खात बसतं. कधी चुंबकावरचं लॅकर उडून लोखंडाचा गंज पहिल्या थरात शिरतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या वाद्यांत तर कळंक असा चढतो की भिंगाखाली तारेच्या जागी हिरवी भुकटी दिसते. मीटर फक्त ‘ओपन’ एवढंच सांगतो, कुठे ते सांगत नाही. म्हणून मी कपॅसिटन्सवर भर देतो. एकेक लीड आणि मधलं लोखंड यांच्यात किती पिकोफॅरड येतात ते बघायचं. आतल्या लीडचा आकडा जवळपास शून्य आला तर तार तोंडाशीच तुटली आहे आणि गाभ्याशी लागलेली सगळी कॉइल पलीकडे शाबूत आहे. आकडा भरपूर आला तर तुटलेली जागा वर कुठेतरी आहे. एवढं कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र चिवट असतं. फट सुईच्या टोकानं जरा रुंद करायची, मेण हलक्या उष्णतेनं मऊ करायचं, आणि आत दोन-तीन मिलिमीटर तार हाती लागेल एवढ्या बेतानं थांबायचं. जुनं एनॅमल झाळण्याच्या उष्णतेनं जळून जात नाही, ते खरवडावंच लागतं, आणि ०.०६३ मिलिमीटरच्या तारेवर ब्लेड लावलं की एनॅमलबरोबर तारही जाते. दुमडलेल्या बारीक पॉलिश पेपरात टोक धरायचं, दोनदा ओढायचं, त्याशेजारी लवचिक वायरमधला एक तंतू आडवा ठेवायचा आणि राळेवर झाळायचं. तिसऱ्यांदा ओढलं की टोक आणखी एक मिलिमीटर आत गेलंच म्हणून समजा.

एवढा खटाटोप करायचाच कशाला, फेरे मोजून तसंच नवं भरलं की झालं, असं कुणीही म्हणेल. अडचण अशी की आमच्याकडे फेरे कुणी मोजत नाही, ओहम मोजतात. शेजारचा चालू पिकअप ८,००० दाखवतो ना, मग मीटर ८,००० दाखवेपर्यंत गुंडाळत राहायचं. पण तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. २० अंशांवर ८,००० ओहम असलेली कॉइल मे महिन्यात नगरच्या पत्र्याखाली, ४० अंशांवर, ८,६०० च्या पुढे दाखवते. म्हणजे तोच कारागीर तेवढेच ओहम धरून डिसेंबरात एक पिकअप भरेल आणि मेमध्ये दुसराच. त्यात भर गेजची. अमेरिकन लॅप स्टीलच्या पिकअपमध्ये नेहमी दिसणारी, अमेरिकन मापातली ४२ नंबरची तार ०.०६३ मिलिमीटरची, आपल्या दुकानांत चालतं ते एसडब्ल्यूजी माप, आणि त्यात सगळ्यांत जवळची ४६ नंबरची, ०.०६१ मिलिमीटरची. फरक नगण्य वाटतो. पण तार बारीक झाली की तेवढ्याच ओहमला सुमारे ७ टक्के कमी फेरे पुरतात, आणि इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गात चालतो, म्हणून तो १४ टक्क्यांच्या आसपास घसरतो. मीटरवर आकडा तंतोतंत, आणि आत कॉइल वेगळीच. आतल्या आत पन्नास फेरे शॉर्ट झाले तरी ८,००० फेऱ्यांच्या कॉइलचे ओहम एक टक्काही हलत नाहीत. सूर मात्र मेलेला असतो. आर्मेचर शॉर्ट फेरे पकडणाऱ्या ग्राउलरवर ठेवल्याशिवाय ते सुस्थितीत आहे असं कुठलाही मोटारवाला म्हणणार नाही. तीच माणसं पिकअपच्या बाबतीत ओहमवर विसंबतात, याचं मला नवल वाटतं.

सात टक्क्यांचा फरक कानाला कळतो का, हा आक्षेप मी टाळत नाही. आवाजाच्या जोरात तो अर्ध्या-पाऊण डेसिबलचा आहे आणि अ‍ॅम्पची कळ जराशी फिरवली की भरून निघतो. पण इंडक्टन्स उतरला की कॉइलच्या अनुनादाचं शिखर वर सरकतं, सूर पातळ आणि धारदार होतो, आणि टोनची कळ उंच स्वर फक्त छाटते, अंगातला भरीवपणा परत आणत नाही. शिवाय हे वाद्य स्टीलच्या बारनं वाजतं. पडदे नाहीत, स्वर घसरत जातो, लांबतो, आणि मींड संपेपर्यंत त्याचा पोत ऐकणाऱ्याच्या कानाशी असतो. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजवून घराघरांत पोचवली ती गळ्याजवळ जाणाऱ्या त्या मींडेच्या बळावर. ज्यांना तरीही पटत नाही त्यांनी फेंडरच्या स्ट्रिंगमास्टरकडे बघावं. त्यात एका मानेवर दोन पिकअप असतात आणि एकातली गुणगुण दुसऱ्यानं मारायची असते. दोन्हींचे फेरे सारखे असतील तरच ती पुरती मरते. एक मूळचा आणि एक ओहमवर भरलेला असेल तर हम शिल्लक राहते, आणि ती ऐकायला कुणी तयार कानाचा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: साठ वर्षांची तार आज जोडली तर उद्या शेजारी तुटेल. कळंक आतपर्यंत उतरला असेल तर हे खरं आहे, आणि तेव्हा मीही भरतोच. पण फटीच्या तोंडाशी तुटलेली तार बहुधा तिथल्याच आम्लानं तुटलेली असते; आम्ल धुऊन राळेवर झाळलं की मग तिला खाणारं काही उरत नाही. या आक्षेपाआडून बोलतो तो खरा आळस. नवी कॉइल यंत्रावर थोड्या वेळात होते, आतलं टोक दिवस खातं. आणि भरणाऱ्यांत हल्ली ‘जास्त फेरे, जास्त आवाज’ हा खाक्या बोकाळला आहे. अमेरिकन मापातली बारीक ४३ नंबरची तार ठासून भरायची आणि गिऱ्हाइकाला अ‍ॅम्प फाडून दाखवायचा. रिकनबॅकरची १९३२ पासूनची वाद्यं याला सर्वांत जास्त बळी पडतात. त्यांच्या पिकअपवर नालेच्या आकाराची दोन चुंबकं समोरासमोर बसवलेली असतात आणि तारा त्यांच्या पोटातून जातात. जुनी चुंबकं पोलादाची. टोकांना लोखंडी पट्टी न लावता ती काढून टेबलावर टाकली की जोर उतरतो. मग आवाज कमी आला म्हणून फेरे वाढवायचे. दुखणं चुंबकाचं आणि औषध कॉइलला. जॉर्ज बोशाँला या रचनेचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं. इतका जुना विचार आपल्या टेबलावर निदान समजून तरी घ्यावा.

यात माझा अहंकार आहे तोही सांगतो. नवी भरलेली कॉइल देखणी असते. तांब्याचा लालसर तुकतुकीत थर, काठापर्यंत सारखा, आणि वाजवणारा म्हणतो, तुमच्या हातचा आवाज आला. ते ऐकायला मला फार आवडतं, अजूनही. जोडलेल्या जुन्या कॉइलमध्ये माझा हात कुठेच ऐकू येत नाही; तिथे ऐकू येतो तो कुठल्या तरी कारखान्यातल्या अनोळखी माणसाचा हात, त्यानं तार जितकी ओढली आणि जशी इकडेतिकडे पसरली तसा. दुरुस्तीची बाजू मी इतक्या हट्टानं लढवतो त्यातही ‘हे इकडे मलाच जमतं’ ही ऐट आहेच. आता बोटं पूर्वीसारखी स्थिर राहत नाहीत, भिंगही जाड लागतं, आणि ती ऐट फार काळ टिकायची नाही. त्यामुळे नव्या पोरांना हे टोक शोधता यायला हवं ही निकड मला जास्त जाणवते. मोटारीच्या दुकानातून येणाऱ्या पोरांचा हात चांगला असतो, फक्त थांबायची सवय नसते. तिथे वेगाला पैसे मिळतात.

म्हणूनच दराचं गणित उलटं असायला हवं, असं माझं मत झालं आहे. आतलं टोक शोधून जोडण्याची मजुरी नवी कॉइल भरण्यापेक्षा जास्त असावी, कमी नव्हे. गिऱ्हाईक म्हणेल, नवं तांबंही नाही आणि पैसे जास्त? त्याला कपॅसिटन्सचा आकडा दाखवावा, भिंगाखालचं टोक दाखवावं, आणि तरी नव्याचाच आग्रह धरला तर भरून द्यावं. पण फेरे मोजून, दिशा लिहून, त्या दिवशीच्या तापमानासह ओहमची चिठ्ठी वाद्याच्या पेटीत ठेवून. काढलेली तारही त्याच पेटीत जावी. भंगारात तिचे फारसे पैसे येत नाहीत, आणि पुढच्या कारागिराला तिच्यावरून मूळ गेज तरी मोजता येईल.