दिघाशीहून पारपत्रासाठीं ठाण्यास

भिवंडी तालुक्यांतील दिघाशी हें आमचें गांव. शेतांत भात पिवळें होऊं लागलें म्हणजे गांव सोडावासा वाटत नाहीं. परंतु यंदा परदेशीं असलेल्या आमच्या कन्येचे प्रसूतीचे दिवस जवळ आले, आणि पासष्टी उलटल्यावर आम्हां उभयतांस आयुष्यांतील पहिलें पारपत्र काढणें प्राप्त झालें.

ठाण्याचें पारपत्र सेवा केंद्र गांठावयाचें होतें. एस. टी.नें आम्हांस अर्ध्या तिकिटांत नेलें. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस तर २०२२ पासून राज्यांत तिकीटच पडत नाहीं. उलट आगगाडींत वृद्ध पुरुषांस शेंकडा ४० व स्त्रियांस ५० सूट मिळे, ती २०२० सालीं बंद झाली. पारपत्राची गोष्ट मधली. छत्तीस पानी साध्या पारपत्राची फी १५०० रुपये. साठीवरील वृद्ध व आठ वर्षांखालील बालक यांस २०१७ पासून शेंकडा १० सूट मिळते. म्हणून १३५० रुपये पडले. मात्र ही सूट नव्या पारपत्रासच आहे, जुनें बदलून घेणारास नाहीं.

दोघांचे मिळून ३०० रुपये वांचले, परंतु ते हातीं राहिले नाहींत. कुटुंबाच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, आधारपत्रावर सासरचें. विवाहाची नोंद करून घेण्याचा आळस आम्हीं चाळीस वर्षें केला, त्याचें प्रायश्चित्त म्हणून पुन्हां खेपा घालाव्या लागल्या. इकडे दिवस मोजले जात होते. तिची काळजी वाढत होती.

एक नियम मात्र आम्हांस फार आवडला. मॅट्रिक न झालेल्यांस कांहीं देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं वेगळी अनुज्ञा लागते. त्यांतून आम्ही परीक्षेमुळें सुटलों. कुटुंब सातवीपुढें शिकलें नाहीं, तें पन्नाशी उलटल्यामुळें सुटलें. शाळेनें जें दिलें नाहीं तें वयानें दिलें!

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सवलतीचे रुपये मोजण्यापूर्वीं आपल्या कागदांवरील नांवें व जन्मतारखा जुळवून ठेवाव्या. वृद्धाची खरी बचत ती होय.

अखेर टपालानें पारपत्रें आलीं. मुदत दहा वर्षांची पाहून आम्ही हंसलों व म्हणालों, "इतकी घेऊन काय करावयाचें?" कुटुंब म्हणालें, "अहो, तोंवर नातवंड दहा वर्षांचें होईल. त्याची मुंज असली तर?"