‘घरी कोण कोण असतं?’

‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, मूळ गाव कुठलं?’ मनुष्यबळ विभागात काम करताना हे प्रश्न मी मुलाखतींत सतत ऐकत आले आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. उमेदवार जरा मोकळा व्हावा, एवढाच हेतू असतो. पण आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की जातीचा अंदाज बांधायला वेळ लागत नाही. वडिलांच्या व्यवसायावरून घरची परिस्थिती कळते. आणि समोर तरुणी बसली असेल, तर ‘घरी कोण असतं’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मूल सांभाळायला कोणी आहे का’ एवढाच असतो. कामाशी संबंध नसलेली ही माहिती एकदा कानावर पडली की ती बाजूला ठेवून निर्णय घेणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे वैविध्य आणि समावेशनासाठी एचआरने काय करावं, असं कोणी विचारलं की महिला दिनाच्या कार्यक्रमाआधी मला मुलाखतीचा कागद आठवतो. माणसांची मनं बदलणं आमच्या आवाक्यात फारसं नसतं. निर्णय कसा घेतला जातो, हे ठरवणं मात्र असतं.

हे निव्वळ माझं मत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर व्यवस्थापकांशी चर्चा केली. आपण फक्त गुणवत्ता पाहतो, असं ही मंडळी सांगत होती आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी जाणून घेणं गरजेचं आहे, असंही मानत होती. या दोन गोष्टींत विसंगती आहे, हे त्यांना जाणवत नव्हतं. भेदभाव करण्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो असं नाही, हे मला त्यातून सर्वांत ठळकपणे दिसतं.

मग उपाय काय? बहुतेक कंपन्या कार्यशाळा घेतात, कारण ती घेतल्याचा फोटो दाखवता येतो. अलेक्झांड्रा केलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची तीन दशकांची माहिती तपासली. व्यवस्थापनाच्या पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढवण्यात प्रशिक्षणाचा उपयोग फार थोडा झाला होता. त्या कामाची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर सोपवली तिथे फरक पडला होता. अमेरिकेतली वंशभेदाची रचना आपल्या जातिभेदासारखी नाही, पण विनाजबाबदारीचा उपदेश वाया जातो हे आपल्याकडेही खरं आहे. म्हणून मी साध्या गोष्टींचा आग्रह धरते. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठरवावेत, सगळ्यांना तेच विचारावेत, गुण तिथल्या तिथे द्यावेत. ओळखीतून आलेला बायोडेटाही बाकीच्यांच्याच गठ्ठ्यात जावा, कारण ओळखीतली माणसं बहुधा आपल्यासारखीच असतात. बढती नाकारली तर कारण लेखी असावं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: अशाने गुणवत्तेचं काय होणार? ज्यांना गुणवत्तेची खरोखर काळजी आहे, त्यांनी तर आखीव मुलाखतीसाठी भांडायला हवं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या संशोधनाचा २०२२ साली फेरआढावा घेतला. माणूस पुढे काम कसं करील, याचा अंदाज बांधण्यात त्यात आखीव मुलाखत सर्वांत वरच्या स्थानी आली. ऐसपैस गप्पांची मुलाखत बरीच मागे राहिली. ‘आमच्या टीममध्ये बसेल का’ या निकषात गुणवत्तेपेक्षा सवयच जास्त मोजली जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेर असलेल्यांच्या रजेचा पगार मात्र पूर्णपणे कंपनीवर पडला. छोट्या उद्योजकाला हा भार जाणवतो आणि मग मुलाखतीत घरची चौकशी सुरू होते. सरकारने हा भार वाटून घ्यावा, ही मागणी रास्तच आहे. तोवर कंपनीच्या हातात एक गोष्ट आहे: बापालाही भरघोस रजा द्यावी आणि त्याने ती घ्यावी हे पाहावं. मग तरुण पुरुषही तेवढाच ‘रजेवर जाणारा’ ठरतो आणि स्त्रीला नाकारण्याचं निमित्त दुबळं होतं.

तिसरा आक्षेप असा, की जात, धर्म, अपंगत्व यांची नोंद ठेवली तर भेद उलट वाढेल. नोंद ऐच्छिक असावी, गोपनीय असावी आणि मुलाखत घेणाऱ्यापासून दूर असावी, हे मला मान्य आहे. पण मोजायचंच नाही असं ठरवलं, तर काहीच चुकत नाही असं म्हणणं फार सोयीचं होतं. मोजताना कंत्राटी सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षकही धरावेत. त्यांना वगळून काढलेली वैविध्याची टक्केवारी देखणी दिसते, पण कोणतं काम कोणाच्या वाट्याला येतं हे ती झाकून ठेवते. ही आकडेवारी दर वर्षी संचालकांपुढे जावी आणि व्यवस्थापकाच्या अप्रेझलमध्ये तिला विक्रीच्या आकड्याइतकंच वजन असावं. एवढं करायला जी कंपनी तयार नसेल, तिने वैविध्याचे फलक लावण्याची घाई करू नये.