चारचा फरक

मी वाणिज्यचा विद्यार्थी. तरी कन्नड विभागातल्या मित्राबरोबर टेलिफोनच्या बटणांचे स्वर ओळखणारे सर्किट जोडायला बसलो. एमटी-८८७० ही चिप आणि चार दिवे. ५ दाबला की ७७० व १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकदम निघतात. आमच्या ५ चा मात्र १ होई, ९ चा ५. १, २, ३, ४, ७ ला तर दिवे हलतच नसत.

"तुझंच सोल्डरिंग कच्चं!" मी घसरलो. तो न बोलता निघून गेला.

रात्री तेरीज न जुळल्यासारखा आकडे मांडत बसलो. ६ चे २, ८ चे ४. फरक सगळीकडे चारचाच! कच्चे सोल्डरिंग असे हिशेबाने चुकत नाही. चिपला ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल लागते. ते मिळाले नाही म्हणून 'उन्नीस-बीस' म्हणत मीच ४ चे आणले होते! चिप सुमारे १२ टक्के जलद चाले, आणि शेजारच्या स्वरांत अंतरही जवळपास तेवढेच. म्हणून प्रत्येक बटण एक ओळ वर, एक रकाना डावीकडे वाचले जाई. तीन आणि एक, चार.

सकाळी त्याच्या दारात उभा राहिलो. माफी मराठीत मागावी की कन्नडात, ठरेना.

"इर्ली बिडो," म्हणत त्याने चपला घातल्या. नव्या क्रिस्टलचे पैसे मी दिले.