सात पिशव्या

डोंबिवलीचं घर रिकामं करायचं होतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, बाबा माझ्याकडे ठाण्याला आले, आणि छत्तीस वर्षांत त्या दोन खोल्यांत काय काय साठलंय ते मी माळ्यावर चढल्यावर कळलं. एकात एक घातलेले श्रीखंडाचे डबे, नावं घातलेली स्टीलची भांडी, एक होल्डॉल, तीन मिक्सर (चालू एकही नाही!). आई जाऊन तीन वर्षं झाली होती, पण तिचं कपाट तोवर कुणी उघडलं नव्हतं.

आई असती तर तिने बोहारणीला हाक मारली असती. भर दुपारी जिन्यात तासभर घासाघीस चालायची. दोन साड्या, बाबांची एक पँट, आणि बदल्यात एक पातेलं. बोहारीण पँट उजेडात धरायची आणि गुडघ्याशी विरलेली दिसली की सरळ बाजूला टाकायची. आईला भयंकर राग यायचा. मला मात्र आता वाटतं, की त्या व्यवहारात जुन्या कपड्याची खरी किंमत तोंडावर सांगणारं कुणीतरी होतं. दान म्हटलं की ते सांगणारं कुणी उरत नाही.

मला भेटलं. कपड्यांच्या सात पिशव्या रिक्षात घालून मी एका संस्थेत गेले. (नाव नको.) मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत. तिथल्या ताईंनी पहिलीच पिशवी टेबलावर उपडी केली. बटणं तुटलेला गाऊन, कॉलर झिजलेले शर्ट, एका पायाचा मोजा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा स्वेटर. ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही सख्ख्या बहिणीला दिलं असतं का? हे टाकायला आम्हालाच टेम्पो करावा लागतो."

सातातल्या चार पिशव्या घेऊन परत आले. रस्ताभर चिडले होते, आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. मी काही देत नव्हतेच. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवत होते, वर आभाराची अपेक्षा!

कचरा म्हटला की आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना आधारवाडी आठवते. तो डोंगर आम्ही वर्षानुवर्षं धुमसताना पाहिलाय. २०१५ मध्ये तर कचऱ्याच्या प्रश्नावरून हायकोर्टाने इथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या होत्या. २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं. पण बंद झाला तो डोंगर, कचरा नव्हे. तो उंबर्डे आणि बारावेकडे वळला.

मग हॉलमध्ये पेपर पसरले आणि दोन दिवस नुसती निवडानिवड केली. 'गूंज' या संस्थेबद्दल वाचलं होतं. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये स्वतःच्या घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. तिथे जुन्या सुती कापडाचे पाळीसाठी पॅड करतात. म्हणजे विरलेली सुती साडीसुद्धा वाया जात नाही, फक्त ती धुतलेली आणि वेगळी काढलेली हवी. हे वेगळं काढणं देणाऱ्याचं काम, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा नुसते बघत बसले होते. थोड्या वेळाने उठून कात्री आणली आणि फाटक्या शर्टांची बटणं कापून काढायला लागले. आई हेच करायची. त्यातलीच बटणं त्यांनी त्या गाऊनला लावली, वेडीवाकडी. तो गाऊन काही मी कुणाला दिला नाही.

पुस्तकांची काळजी नव्हती. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुंडलिक पैंनी पुस्तकांच्या आदान-प्रदानाची सवय लावून ठेवली आहे. फ्रीजने मात्र छळलं. भंगारवाला रोख पैसे द्यायला तयार होता, पण जुन्या फ्रीजची नळी तोडली की आतला सीएफसी वायू हवेत जातो, आणि वायरींतलं तांबं काढायला त्या सरळ जाळतात. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं ते वेगळंच. शेवटी फ्रीज, टीव्ही आणि तिन्ही मिक्सर ई-कचऱ्याचा परवाना असलेल्यांकडे दिले. पैसे निम्म्याहून कमी मिळाले. भंगारवाला अजून माझ्याकडे वेड्यासारखं बघतो.

राहिलं आईचं शिवणाचं मशीन. पायाचं. त्याबद्दल बाबा काहीच बोलेनात. "चालतंय का बघू," एवढंच म्हणाले. म्हणून आधी ते दुरुस्त करून घेतलं, तेलपाणी केलं, नवा पट्टा बसवला. जुन्या घराच्या मागच्या चाळीत फॉल-पिकोची कामं घेणाऱ्या एक वहिनी आहेत, त्यांच्याकडे नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या एका चिंधीवर टीप मारून बघितली, मान डोलावली आणि विचारलं, "बॉबिन एकच आहे ताई, अजून असतील का?"

मी नाही म्हटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला न सांगता स्लो लोकलने डोंबिवलीला गेले. हातात श्रीखंडाचा एक डबा होता, आणि तो खुळखुळत होता.