गॅस संपत नाही

उमेळ्यात मे महिन्यात गाडीचा एसी थंड करेना, की सल्ला ठरलेला: ‘गॅस संपलाय, भरून टाका.’ पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय. नुसता भरणं म्हणजे मेमरी लीक असताना सर्व्हर रीस्टार्ट करत राहणं.

मेकॅनिककाकांनी नायट्रोजनचं प्रेशर दिलं, साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या कोपऱ्यात, तेलकट धुळीच्या डागावर, बुडबुडे आले. खाडीकडची खारी हवा ॲल्युमिनियम पोखरतेच.

बाबा म्हणाले, “यंदा गॅसच भर, स्वस्तात होईल.” पण आर-१३४ए हवेत एक किलो सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. कंडेन्सर बदलला, ओ-रिंगा नव्या, मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस.

बाबा अजून बिलच बघतायत. काच मात्र वर करून.