उजीचा हिरवा चहा आणि दोन जिवांची बाई

जपानात क्योटोहून नाराकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की अर्ध्या तासाच्या आत उजी येतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकावं तर समोर चहाच्या बरणीच्या आकाराची भलीमोठी टपालपेटी! गाव कशाचं, ते विचारायलाच नको. थोडं चालून गेलं की उजी नदीचा पूल आणि पुलाजवळ मुरासाकी शिकिबू या लेखिकेचा पुतळा. हजार वर्षांपूर्वी या बाईंनी ‘गेंजीची कथा’ लिहिली आणि तिची शेवटची दहा प्रकरणं याच उजीच्या आसपास घडवली. पलीकडे ब्योदो-इन हे देऊळ. त्याचा १०५३ साली बांधलेला मंडप तळ्याच्या पाण्यात असा काही उतरतो, की पाहतच राहावं. दहा येनच्या नाण्यावर आहे तो हाच मंडप.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा चहाची दुकानं आहेत. भाजल्या चहाचा खमंग वास सगळीकडे भरलेला असतो, अगदी शेजारी कुणी भाजणी भाजायला घेतल्यासारखा! पण उजीचं खरं नाव आहे ते माच्चासाठी. हल्ली पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये मिळते ना, ती हिरवीगार पूड, तीच ही.

ती करण्याचा खटाटोप ऐकण्यासारखा आहे. खुडणीच्या आधी तीन-चार आठवडे चहाची झुडपं सावलीत ठेवतात. पूर्वी वर बोरू-गवताच्या ताट्या घालत, आता बहुधा काळी जाळी असते. ऊन न लागल्यामुळे पान कोवळं, गडद हिरवं आणि चवीला मऊ होतं. मे महिन्याच्या सुमारास पानं खुडायची, लगेच वाफवायची, वाळवायची, देठ-शिरा काढून टाकायच्या आणि उरलेला पाला दगडी जात्यात दळायचा. जातं आपल्यासारखंच, फक्त लहान. मात्र तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते! घाईने दळलं तर दगड तापतो आणि वास जातो.

या सफरीत माझ्यासोबत माझी भाची होती. तिचं बिऱ्हाड सध्या ओसाकात आहे आणि तिला पाचवा महिना लागलेला. तिकडे गर्भवती बायका पिशवीला एक गुलाबी बिल्ला लावतात, ‘माझ्या पोटात बाळ आहे’ असं सांगणारा. २००६ पासूनची ही पद्धत. गाडीत तो पाहून लोक जागा देतात.

भाचीने कॉफी सोडली होती आणि त्याऐवजी रोज दोन मग माच्चा दुधातून घेत होती. “मावशी, हिरवा चहा औषधी असतो गं, कितीही चालतो,” असं तिचं म्हणणं. शिवाय सकाळची लोहाची गोळी त्याच मगाबरोबर!

आम्ही एका दुकानात टेकलो. वाढणाऱ्या आजींची नजर बिल्ल्यावर गेली. त्यांनी हसून काहीतरी विचारलं आणि भाचीचा चेहरा जरा उतरला. आजींचं म्हणणं असं : एक पातळ वाटी हौसेनं घे, पण घट्ट चहा नको, आणि तहानेला ‘मुगिचा’ पी. मुगिचा म्हणजे भाजलेल्या जवाचं पाणी. त्यात चहाचं पानच नसतं, त्यामुळे कॅफिनही नाही. उन्हाळ्यात जपानी घरांत लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ते गार करून पितात.

आजींच्या बोलण्यामागचा हिशेब आपणही समजून घेऊ या. साध्या हिरव्या चहात पानं गाळून टाकतो. माच्चात मात्र अख्खं पानच पोटात जातं. म्हणून इथे कप मोजून उपयोग नाही, पूड मोजावी लागते. जपानच्या अन्नघटकांच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम माच्चात ३.२ ग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे पातळ चहाच्या वाटीला लागणाऱ्या २ ग्रॅम पुडीत सुमारे ६४ मिलिग्रॅम. घट्ट चहाला पूड दुप्पट, म्हणजे कॅफिनही दुप्पट. साध्या हिरव्या चहाच्या लहान पेल्यात ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

गरोदरपणी दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं अनेक देशांतले डॉक्टर सांगतात. ३०० च्या वर घेणाऱ्या बायकांनी ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं. कारण गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका. एरवी पाच-एक तासांत निम्मं कॅफिन शरीरातून जातं. शेवटच्या महिन्यांत त्याला पंधरा तासही लागतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाला ते पचवता येत नाही.

आता आपल्या घरचं पाहा. सकाळ-दुपारचे दोन कप चहा धरले तर ६० ते १०० मिलिग्रॅम तिथेच झाले. कॅफेतल्या मगात शीग लावून चमचा पडला, तर ३ ग्रॅम पूड सहज होते, म्हणजे आणखी ९६. वर माच्चाचं आइस्क्रीम आणि केक, तेही हिशेबात धरायला हवेत.

दुसरी गोष्ट लोहाची. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी नीट लागत नाही. आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, त्या चहाबरोबर घेऊन अर्ध्या वाया घालवायच्या कशाला? गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. जेवणावर लगेच चहा, तोही नको.

भाचीने तिथल्या तिथे ठरवलं : दिवसाला एकच वाटी, तीही सपाट चमचा मोजून, दुपारच्या आधी आणि गोळीपासून दूर. त्या दिवशी कॉफी-चहा बंद. नंतर तिच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच बरोबर म्हणून सांगितलं.

चहाची कीर्ती औषध म्हणूनच पसरली, हे खरं. एइसाई नावाच्या भिक्षूने ११९१ साली चीनहून चहाचं बी आणलं आणि १२११ मध्ये चहाच्या गुणांवर पुस्तक लिहिलं. पण औषध म्हटलं की मात्रा आलीच! तेव्हा तुमच्या घरी कुणी दोन जिवांची असेल आणि तिला हिरव्या चहाचे डोहाळे लागले असतील, तर नाही म्हणू नका. सपाट चमचाभर पूड गाळून घ्या, उकळीचं पाणी थोडं निवू द्या आणि फेस येईपर्यंत घुसळा. वजन उतरवण्यासाठी हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्या मात्र या दिवसांत घरात आणूच नका. रक्तदाब, छातीत धडधड, रक्त कमी असणं अशी काही तक्रार असेल, तर ही एक वाटीही डॉक्टरांना विचारूनच द्यावी.