धुऱ्याने चाल : पावसाळा, एकटा प्रवासी आणि पवनीचा नाग

#धागा

१/
भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या कोसऱ्यासह ‘कोंढा-कोसरा’ असा जोडउल्लेख होणारे. श्रावणातल्या एका झडीत एक तरुणी तेथे एकटीच येऊन अडकली. जायचे होते पवनीचे स्तूप पाहायला. तीन दिवस पावसाने हलू दिले नाही.

२/
एकट्या प्रवासाच्या तिच्या कल्पनेत तीन गोष्टी असत : धबधबा, पुस्तकांचे दुकान आणि कॉफीचा कोपरा. कोंढ्यात कॉफी मिळाली ती चहाच्या टपरीवर, पाकिटातली आणि भरपूर गोड. धबधब्याविषयी विचारताच टपरीवाले हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे डोंगर नाही, तलाव आहे. सांडवा पाहून या.”

३/
त्यांच्या उत्तरात पूर्व विदर्भाचा मोठा इतिहास आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने येथे उताराच्या जमिनीवर मातीच्या पाळी घालून हजारो तलाव बांधले. पाणी धानाच्या बांध्यांना मिळे आणि जास्तीचे सांडव्यावरून पुढच्या शिवाराकडे जाई. ‘तलावांचा जिल्हा’ हे भंडाऱ्याचे बिरुद या श्रमातून आले.

४/
१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच बोलीतले ‘मामा तलाव’. भर पावसाळ्यात तलाव ओसंडला की सांडव्यावरून पांढरेशुभ्र पाणी कोसळते. सपाट मुलखाचा धबधबा हाच. तो निसर्गाने दिलेला नव्हे, माणसांनी हिशेबाने बांधलेला.

५/
दुसऱ्या दिवशी छायाचित्रासाठी योग्य कोन शोधताना ती बांधावरून खाली उतरली. पाय थेट चिखलात, नुकत्याच लावलेल्या हिरव्या रोपांत. पलीकडच्या बांधीत रोवणी करणाऱ्या एका वृद्धेने कंबर सरळ केली आणि हाक दिली, “पोरी, धुऱ्यानं चाल. रोवणी कालच झाली आहे.” स्वरात राग नव्हता. मोडलेली चार रोपे मात्र तिला दिसत राहिली.

६/
हीच तक्रार बौद्ध वाङ्मयात नोंदलेली आहे. विनयपिटकातील महावग्गानुसार लोक कुरकुरू लागले : हे श्रमण उन्हाळा, हिवाळा, पावसाळा असे बारमाही फिरतात, हिरवे अंकुर तुडवतात, बारीक जीव मारतात. पक्षीसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, मग यांना काय झाले?

७/
त्यावर नियम झाला : पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहावे. हाच वर्षावास. फिरणे हेच ज्यांचे व्रत, त्यांच्या पायांना पिकासाठी थांबवणारा हा नियम साधूंच्या सोयीतून आलेला नाही, तो गावाच्या तक्रारीतून आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे कारण विसरू नये.

८/
नियमाचे तपशील मोठे जिवंत आहेत. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर, छत्रीखाली किंवा मोठ्या रांजणात वर्षावास करण्यास मनाई. गुराख्यांच्या तळावर, तांड्याबरोबर किंवा नावेवर मात्र परवानगी. आईवडील आजारी असल्यास सात दिवसांसाठी बाहेर जाण्याची मुभा. प्रत्येक अपवादामागे कोणी तरी अडलेला माणूस उभा दिसतो.

९/
सायंकाळी ती पुस्तकांच्या दुकानात गेली. वह्या, गाईड, पंचांग, आणि काउंटरजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रती. दुकानदार म्हणाले, “ताई, याच दिवसांत हे जास्त जातं. विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं.” आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विदर्भातल्या अनेक विहारांत हा ग्रंथ वाचला जातो. भिक्षूंचा जुना वर्षावास आज असा गृहस्थांच्या वाचनात नांदतो. तिने एक प्रत घेतली.

१०/
चौथ्या दिवशी उघडीप मिळाली आणि ती पवनीला पोहोचली. वैनगंगेकाठचे हे प्राचीन नगर. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-शुंग काळापर्यंत मागे जाणारा भव्य स्तूप निघाला. दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली होती.

११/
पवनीचे एक शिल्प दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विषय मुचलिंद नागाचा. कथा अशी : ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध एकटेच वृक्षाखाली बसले असता अवकाळी मेघ आला. सात दिवस पाऊस आणि थंड वारा. तेव्हा मुचलिंद नागाने त्यांना वेढे घातले आणि मस्तकावर फणा धरला.

१२/
शिल्पात मात्र बुद्ध दिसत नाहीत. त्या काळात त्यांची मूर्ती घडवीत नसत, प्रतीक कोरीत. म्हणून नागाचा फणा आहे आणि त्याखाली रिकामे आसन आहे. बसलेला माणूस पाहणाऱ्याने मनात पाहायचा.

१३/
एकट्या प्रवाशाची परंपरा येथे पुढेही दिसते. ‘लीळाचरित्रा’चा पहिला भाग ‘एकांक’, म्हणजे चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाचा. भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार त्यांना या भ्रमणातच भेटले आणि सोबत निघाले. एकट्याने चालणाऱ्यालाही वाटेत कोणी तरी गाठतेच.

१४/
जगन्नाथ टेकडीवर ती बराच वेळ उभी राहिली. कोंढ्यातले तीन दिवस वाया गेले असे तिला आता वाटत नव्हते. टपरीवाल्याने बाक रिकामा करून दिला होता, मुक्कामाच्या घरी ओले कपडे चुलीजवळ वाळले होते. निघाली तेव्हा एकटी असलेली ही मुलगी तीन दिवस गावाच्या फण्याखाली राहिली होती.

१५/
परतीच्या वाटेवर ती पुन्हा त्या तलावाशी थांबली. वृद्धा तेथे नव्हती. मोडलेल्या जागी कोणी तरी नवी रोपे खोचली होती. सांडवा तसाच कोसळत होता, आणि छायाचित्र घ्यायचे राहिलेच होते. ते तिने घेतले, धुऱ्यावर उभे राहून.

#धागा_समाप्त